चित्रांचे ओझे : संगणकावरील स्लाइड-दर्शन मंद का होते?

बरगी हे गाव जबलपूरहून सिवनीमार्गे नागपूरकडे येणाऱ्या हमरस्त्यावर आहे. जवळच नर्मदेवर बांधलेल्या धरणामुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये पुरे झाले. नर्मदेवर धरणांची जी मोठी मालिका योजण्यात आली, तिच्यापैकी अगदी प्रथम पूर्ण झालेल्या धरणांत याची गणना होते. भिंतीची उंची सुमारे ६९ मीटर, लांबी ५.४ किलोमीटर आणि पाठीमागचा जलाशय सुमारे ७५ किलोमीटर लांब. या पाण्याने मंडला, सिवनी व जबलपूर या तीन जिल्ह्यांतील १६२ गावांना कमीअधिक प्रमाणात ग्रासले. नर्मदेची परिक्रमा करणारे अनेक मराठी यात्रेकरू या जलाशयाला वळसा घालून जातात, परंतु ज्या पाण्याकडे पाहून ते हात जोडतात, त्याच्या तळाशी कोणाचे तरी अंगण आहे हे त्यांच्यातील थोड्यांनाच ठाऊक असते.

या बुडालेल्या गावांची जुनी छायाचित्रे काही घरांतून अद्याप आहेत. लग्नातील, शाळेतील, एखाद्या सरकारी पाहणीच्या वेळी काढलेली. ती गोळा करून बरगी परिसरातील एका शाळेत पडद्यावर दाखवावीत, असा बेत प्रस्तुत लेखकाने दोन वर्षांपूर्वी योजिला. सभागृहात विद्यार्थ्यांच्या मागे विस्थापित कुटुंबांतील वृद्ध मंडळी येऊन बसली होती. दिवे मालविले, फाइल उघडण्याची आज्ञा दिली आणि पडद्यावर एक लहानसे वर्तुळ फिरू लागले. ते फिरतच राहिले. पहिले चित्र दिसले तेव्हा मुलांची चुळबुळ सुरू झाली होती. सातव्या चित्रानंतर चलत्चित्राची पाळी आली, तेव्हा आवाज पुढे गेला आणि चित्र मागे राहिले. अखेरीस संगणक पुन्हा सुरू करावा लागला. तोवर मागच्या बाकांवरील तीन-चार म्हातारी माणसे उठून गेली होती. त्यांना शेवटची बस गाठावयाची होती.

संगणक जुना होता खरा. तथापि दोष संगणकाचा नव्हता, शाळेचा तर मुळीच नव्हता. तो सर्वस्वी फाइल तयार करणाऱ्याचा होता. कोठे काय चुकले याचा नंतर बारकाईने तपास केला. त्यातून जे हाती आले, ते शाळांतील व ग्रंथालयांतील मंडळींच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ही पुस्तिका लिहिली आहे.

प्रारंभीच शब्दाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ‘स्लाइड’ या शब्दासाठी आपल्याकडे ‘पारदर्शिका’ हा सुबक शब्द रूढ होता. परंतु संगणकावरील पानात पारदर्शक असे काहीच उरलेले नाही, आणि शाळेचा शिपाईसुद्धा ‘स्लाइड लावा’ असेच म्हणतो. म्हणून येथे स्लाइड हाच शब्द ठेवला आहे.

काचेपासून संगणकापर्यंत

पडद्यावर एकामागून एक चित्रे दाखवून कथा सांगण्याची कला महाराष्ट्रास नवी नाही. १८९२ च्या सुमारास कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने दिव्याच्या साहाय्याने चित्रदर्शनाचे प्रयोग सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्यापुढून सरकवावयाची आणि भिंगातून त्यांची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडावयाची, अशी ही योजना होती. चित्रे चपळाईने बदलली की पात्रे हालत असल्याचा भास होई. खेळाचे सारे यश काच बदलणाऱ्याच्या हातात होते. पुढची काच पुसून तयार असली तरच कथेचा ओघ टिके, आणि ती पेटीच्या तळाशी राहिली तर प्रेक्षक अंधारात बसून राहत.

संगणकावर ही पेटी उचलण्याचे काम आज्ञावली करते. १९८७ च्या एप्रिलमध्ये ‘पॉवरपॉइंट’ ही आज्ञावली प्रथम विक्रीस आली. रॉबर्ट गॅस्किन्स यांच्या कल्पनेतून ती उतरली होती, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट या कंपनीने ती १ कोटी ४० लाख डॉलरांना विकत घेतली. त्या पहिल्या आवृत्तीतून कृष्णधवल पाने छापून निघत व ती पारदर्शक कागदावर उतरवून दिव्यावर ठेवीत. आज त्याच जातीच्या आज्ञावलीकडून आपण शेकडो रंगीत छायाचित्रे, नकाशे, गाणी आणि चलत्चित्रे वाहून नेण्याची अपेक्षा करतो. मोफत मिळणाऱ्या ‘लिबरऑफिस इम्प्रेस’लाही पुढील सर्व विवेचन लागू आहे.

एका छायाचित्राचे वजन

संगणकातील छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी होय. या ठिपक्याला आपण ‘चित्रकण’ म्हणू. आजच्या साध्या मोबाइल फोनने काढलेल्या छायाचित्रात आडवे ४००० व उभे ३००० कण असणे ही सामान्य गोष्ट आहे. म्हणजे एकूण कण १ कोटी २० लाख. प्रत्येक कणाचा रंग सांगण्यासाठी तांबडा, हिरवा व निळा यांचे प्रमाण लिहावे लागते आणि त्यास तीन बाइट लागतात. तेव्हा या एका छायाचित्राचे खरे वजन ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजेच ३६ मेगाबाइट भरते.

वाचक येथे शंका घेईल. फोनमध्ये तर हीच फाइल चार-पाच मेगाबाइटची दिसते. मग उरलेले वजन गेले कोठे? याचे उत्तर संक्षेपणात आहे, आणि ते समजले की विषयाची अर्धी उकल झाली असे म्हणावयास हरकत नाही.

वऱ्हाडात रुईच्या गाठी कशा बांधतात ते पुष्कळांनी पाहिले असेल. सरकी काढलेली रुई एखादे मोठे कोठार व्यापून बसते. ती दाबयंत्रात घालून दाबली की १७० किलोग्रॅमची घट्ट गाठ होते आणि मालमोटारीत सहज रचता येते. परंतु सूत काढावयाचे झाले तर गाठ सोडावीच लागते, आणि सोडल्याबरोबर रुई पुन्हा पूर्वीची जागा मागते. छायाचित्राचे तसेच आहे. तबकडीवर किंवा पेनड्राइव्हवर ते गाठीच्या रूपात असते. तेथे त्याचे वजन पाच मेगाबाइट. पडद्यावर दाखविण्यासाठी संगणक ते आपल्या कार्यस्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, मोकळे सोडतो. तेथे त्याला पूर्ण ३६ मेगाबाइटांची जागा हवी असते, कित्येकदा थोडी अधिकच.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. गाठ अधिक घट्ट बांधल्याने वाहतुकीचा वेळ वाचतो, परंतु खोलीतील गर्दी कमी होत नाही. ती कमी करण्यास मुळात रुईच कमी आणली पाहिजे. म्हणजे चित्रकणांची संख्याच उतरविली पाहिजे.

आणि ती उतरविण्यात नुकसान कितीसे? शाळांतून अद्याप वापरात असलेले कित्येक प्रोजेक्टर आडवे १०२४ व उभे ७६८ कण एवढेच दाखवू शकतात. हे सुमारे ७ लाख ८६ हजार कण झाले. त्यावर १ कोटी २० लाख कणांचे छायाचित्र टाकले, तर दर पंधरा कणांतील एकाचेच काम असते. उरलेले चौदा पेनड्राइव्हवरून वाहून आणावयाचे, स्मृतीत सोडावयाचे, त्यांची सरासरी काढावयाची आणि फेकून द्यावयाचे. नवा, १९२० गुणिले १०८० कणांचा प्रोजेक्टर असला तरी दर सहांतील जवळजवळ पाच कण असेच निष्फळ जातात.

गाठ बांधण्याची रीत

छायाचित्रांची ही गाठ बहुधा ‘जेपेग’ या पद्धतीने बांधलेली असते. तिचे प्रमाण १९९२ मध्ये निश्चित झाले. तिच्या मुळाशी जे गणित आहे, ते बंगळूर येथे जन्मलेल्या नासिर अहमद या अभियंत्याचे आहे, ही गोष्ट आपल्या शाळांतून फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी अनुदान मागितले. ते मिळाले नाही. परीक्षकांना कल्पना फारच साधी वाटली, असे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. तरीही त्यांनी काम सोडले नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. आज जगातील बहुसंख्य छायाचित्रे आणि चलत्चित्रे या साध्या कल्पनेवर चालतात.

कल्पना अशी. छायाचित्राचे आठ कण रुंद व आठ कण उंच असे लहान चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनातील ६४ कणांची उजळता एकेक करून लिहिण्याऐवजी प्रथम त्यांची सरासरी लिहावयाची, मग डावीकडून उजवीकडे होणारा मंद चढउतार, मग वरून खाली होणारा, मग त्याहून जलद, आणि शेवटी अतिजलद. म्हणजे ठिपक्यांच्या जागी लाटांची मोजदाद करावयाची. आता बरगीच्या जलाशयावरील निरभ्र आकाशाचा एक चौकोन घ्या. त्यात सरासरी तेवढी महत्त्वाची; लाटा जवळजवळ शून्य. ६४ आकड्यांचे काम दोन-तीन आकड्यांत होते. उलट काठावरच्या सागवानी जंगलाचा चौकोन घेतला, तर पानापानांगणिक उजेड बदलतो आणि बहुतेक सर्व लाटा लिहाव्या लागतात. एकाच फोनने, एकाच आकाराची काढलेली दोन छायाचित्रे एक दोन मेगाबाइटचे व दुसरे सात मेगाबाइटचे का भरते, याचा उलगडा येथे होतो.

ज्या अतिजलद लाटा डोळ्यांना सहसा जाणवत नाहीत, त्या ही पद्धत टाकून देते. येथेच खरी बचत होते. परंतु टाकलेले परत मिळत नाही, हे विसरता कामा नये. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

गाठ सोडणे हेही श्रमाचे काम आहे. ४००० गुणिले ३००० कणांच्या चित्रात असे १ लाख ८७ हजार ५०० चौकोन असतात. त्यांतील प्रत्येकाच्या लाटांची बेरीज करून पुन्हा ठिपके बनवावयाचे. नवा संगणक हे क्षणार्धात करतो. दहा-बारा वर्षांचा जुना संगणक, त्यातून विषाणुरोधक आज्ञावली व इतर चार खिडक्या उघड्या असताना, धापा टाकतो.

वेळ कोठे जातो

लेखकाची ती फसलेली फाइल आता उघडून पाहू. ‘पीपीटीएक्स’ जातीची फाइल ही वस्तुतः अनेक फाइलींची एक पेटी असते. २००७ पासून पॉवरपॉइंटने हीच रचना स्वीकारली आहे. फाइलीची एक नक्कल करावी, नकलेच्या नावातील शेवटची ‘पीपीटीएक्स’ ही अक्षरे खोडून तेथे ‘झिप’ असे लिहावे आणि ती उघडावी. आत ‘पीपीटी’ नावाच्या कप्प्यात ‘मीडिया’ नावाचा कप्पा सापडतो, आणि त्यात सर्व चित्रे व चलत्चित्रे आपापल्या वजनासह मांडलेली दिसतात. वजनाच्या उतरत्या क्रमाने ती लावली की दोषी कोण हे विचारावे लागत नाही. इम्प्रेसच्या ‘ओडीपी’ फाइलीही अशाच उघडतात. फक्त कप्प्यांची नावे निराळी असतात.

आमच्या पेटीत पुढील माल निघाला. ४६ छायाचित्रे, प्रत्येकी सरासरी ५ मेगाबाइट, म्हणजे २३०. एक जुना नकाशा, स्कॅनरवर दर इंचास ६०० कण या मापाने उतरविलेला आणि ‘पीएनजी’ पद्धतीने ठेवलेला, ६० मेगाबाइट. आणि धरणाच्या दरवाजांतून पाणी सोडतानाचे तीन मिनिटांचे चलत्चित्र, फोनवर अत्युच्च दर्जा निवडून घेतलेले, १०५० मेगाबाइट. एकूण १३४० मेगाबाइट. आश्चर्य म्हणजे ज्या छायाचित्रांवर आमचा सारा संशय होता, त्यांचा वाटा सहाव्या हिश्श्याहूनही थोडासाच अधिक होता.

ही फाइल पेनड्राइव्हवरून थेट उघडली होती. दुसऱ्या पिढीच्या यूएसबी जोडणीचा कागदोपत्री वेग सेकंदास ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट असतो. परंतु स्वस्त पेनड्राइव्ह प्रत्यक्षात सेकंदास २० मेगाबाइटांच्या आसपास वाचून देतो. १३४० भागिले २०, म्हणजे ६७ सेकंद. हा केवळ वाहतुकीचा वेळ झाला. गाठी सोडण्याचा निराळा. फिरणारी जुनी तबकडी सेकंदास सुमारे १०० मेगाबाइट वाचते आणि नवी स्थिर, म्हणजे एसएसडी, साध्या जोडणीवरही ५०० पर्यंत. याचा अर्थ, काहीही न बदलता फाइल पेनड्राइव्हवरून संगणकाच्या स्वतःच्या तबकडीवर उतरवून घेतली असती, तरी पडद्यामागची दिरंगाई पुष्कळ घटली असती. नकलेला लागणारा एक मिनिट प्रेक्षक येण्यापूर्वी खर्च झाला असता. हा उपाय इतका सोपा आहे की तो लिहिताना संकोच वाटतो. पण शंभरांतील बहुतेक वक्ते पेनड्राइव्ह खुपसून तेथूनच सुरुवात करतात.

दुसरी अडचण स्मृतीची. संगणकाची कार्यस्मृती भरली म्हणजे तो काही माल तबकडीवर नेऊन ठेवतो आणि हवा तेव्हा परत आणतो. तबकडी स्मृतीच्या मानाने फारच मंद. खोलीत जागा नाही म्हणून धान्याची पोती अंगणात ठेवावीत आणि प्रत्येक पायलीसाठी अंगणात खेप घालावी, तशी अवस्था होते. पडद्यावर वर्तुळ फिरताना दिसते, ते बहुधा या खेपांच्या वेळी.

ओझे उतरविणे

उपाय करण्यापूर्वी मूळ फाइलीची व सर्व मूळ छायाचित्रांची प्रत वेगळ्या जागी ठेवावी. यापुढील प्रत्येक कृती नकलेवर करावयाची आहे.

पॉवरपॉइंटमध्ये कोणतेही चित्र निवडले असता चित्रासंबंधीच्या आज्ञांत ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ ही आज्ञा मिळते. तीत दर इंचास ३३०, २२०, १५० वा ९६ कण असे पर्याय दिलेले असतात. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण पडद्याला इंच कसले? वास्तविक रुंद स्लाइडची कागदावरील लांबी १३.३३ इंच धरलेली असते. तिला १५० ने गुणले की २००० कण येतात; ९६ ने गुणले की १२८०. तेव्हा नव्या प्रोजेक्टरसाठी १५० आणि जुन्यासाठी ९६ हा पर्याय पुरेसा होतो. त्याच चौकटीत ‘फक्त याच चित्रास लागू’ अशा अर्थाची एक खूण असते, ती काढावी, नाहीतर एकच चित्र हलके होऊन पंचेचाळीस तशीच राहतील. ‘कापलेला भाग काढून टाका’ या अर्थाची दुसरी खूण मात्र ठेवावी. चित्राच्या कडा आपण कापतो तेव्हा त्या केवळ झाकल्या जातात; फाइलीत त्या जशाच्या तशा राहतात. पडद्यावर एक चेहरा आणि फाइलीत अख्खी वरात, असा प्रकार त्यामुळे घडतो.

इम्प्रेसमध्ये ‘टूल्स’ या यादीत ‘मिनिमाइझ प्रेझेंटेशन’ ही आज्ञा हेच काम पायरीपायरीने करून देते.

नकाशासाठी पद्धत निवडण्यात आमची चूक नव्हती, मापात होती. ‘पीएनजी’ ही पद्धत एकही कण न गमावता संक्षेप करते, म्हणून रेघा, अक्षरे व सपाट रंग असलेल्या आकृत्यांस ती उत्तम. परंतु जुन्या कागदाचा प्रत्येक डाग व सुरकुतीही ती इमाने टिपून ठेवते, आणि तेथे वजन वाढते. दर इंचास ६०० कण ही संग्रहासाठी योग्य प्रत. पडद्यासाठी तिची २००० कण लांबीची नक्कल करून जेपेगमध्ये ठेवली, तेव्हा ६० मेगाबाइटांचे दोन झाले.

काही लोक संपूर्ण फाइल पुन्हा ‘झिप’ करून पाहतात आणि वजन तसूभरही कमी होत नाही म्हणून चकित होतात. बांधलेली गाठ दुसऱ्यांदा दाबण्याचाच हा प्रकार होय. पेटी मुळातच झिप असते आणि आतील छायाचित्रे त्याआधीच दाबलेली असतात. दाबण्यासारखे काही उरलेले नसते.

चलत्चित्रांचा प्रश्न

चलत्चित्राचा हिशेब मांडला की छाती दडपते. १९२० गुणिले १०८० कणांचे एक चित्र, असे सेकंदाला २५, प्रत्येक कणास तीन बाइट. गुणाकार सेकंदास १५ कोटी ५५ लाख बाइटांवर जातो. मिनिटास सुमारे ९ गिगाबाइट! हे प्रत्यक्षात मिनिटास शंभर-सव्वाशे मेगाबाइटांत बसते, कारण लागोपाठच्या चित्रांत फरक थोडा असतो. धरणाची भिंत, डोंगर, आकाश जागच्या जागी असतात. सरकते ते फक्त पाणी. म्हणून अधूनमधून एक चित्र पूर्ण लिहावयाचे आणि त्यानंतरच्या चित्रांत केवळ काय सरकले, काय बदलले एवढे टिपावयाचे, अशी योजना असते. २००३ मध्ये प्रमाणित झालेली ‘एच. २६४’ ही पद्धत या तत्त्वावर चालते आणि अद्याप सर्वांत विश्वासू सोबती आहे. २०१३ मध्ये तिची धाकटी बहीण ‘एच. २६५’ आली. ती अधिक घट्ट बांधते, पण तितक्याच कष्टाने सुटते. नवे फोन पुष्कळदा तीच वापरतात, आणि शाळेतील जुन्या संगणकाच्या अंगी ती सोडण्याची खास यंत्रणा नसते. आवाज पुढे व चित्र मागे, ही आमच्या सभागृहातील फजिती सहसा अशाच कारणांनी होते. तेव्हा फोनवर चित्रण करतानाच मध्यम दर्जा व जुनी पद्धत निवडणे शहाणपणाचे.

पॉवरपॉइंटच्या विंडोज आवृत्तीत ‘फाइल’ व त्याखाली ‘इन्फो’ येथे ‘कॉम्प्रेस मीडिया’ ही आज्ञा आहे. तीत १०८०, ७२० व ४८० अशा उभ्या कणांच्या तीन प्रती देऊ केलेल्या असतात. शाळेच्या सभागृहास ७२० ची प्रत पुरते. चलत्चित्राचा हवा तेवढाच भाग ठेवून पुढचा-मागचा काटछाट केला असेल, तर तो छाटलेला भागही या आज्ञेनंतरच खरोखर बाहेर पडतो, तोपर्यंत तो चित्राच्या कडांप्रमाणे झाकून राहतो. आमच्या तीन मिनिटांच्या चित्रणातील ७० सेकंदच कामाचे होते. तेवढे ठेवून, ७२० कणांच्या प्रतीत, सेकंदास ३ मेगाबिट या मापाने ते सुमारे २६ मेगाबाइट भरले.

चलत्चित्र फाइलीत न घालता बाहेर ठेवून नुसती जोडणी देण्याचाही मार्ग आहे. फाइल त्याने चटकन उघडते. परंतु वक्ता घाईत मुख्य फाइलच तेवढी घेऊन निघतो आणि सभागृहात काळी चौकट दिसते. हा मार्ग पत्करावयाचा तर दोन्ही फाइली प्रथमपासून एकाच कप्प्यात ठेवाव्या आणि कप्पाच उचलून न्यावा. घरी बसून पाहताना जोडणी बरोबर चालते, म्हणूनच ती फसवी.

सारे झाल्यावर ४६ छायाचित्रे सुमारे २८ मेगाबाइट, नकाशा २ व चलत्चित्र २६, मिळून ५६ मेगाबाइट झाले. १३४० च्या चोविसाव्या हिश्श्याइतके. स्मृतीत सोडलेले प्रत्येक छायाचित्र ३६ ऐवजी ९ मेगाबाइट जागा मागू लागले. तोच संगणक, तोच पेनड्राइव्ह, आणि वाहतुकीचा वेळ ६७ सेकंदांवरून तिनाखाली.

प्रयोगापूर्वी त्याच संगणकावर सर्व स्लाइडी एकदा अखेरपर्यंत चालवून पाहाव्यात. एकदा वाचलेला मजकूर संगणक काही काळ स्मृतीत राखतो, त्यामुळे दुसरी खेप अधिक सुकर होते. शांबरिक खरोलिकेतील काचा पुसून ओळीने मांडण्यासारखेच हे आहे. शिवाय देवनागरी अक्षरे तेथे नीट उमटतात की नाही हेही कळते. आपण वापरलेला अक्षरसंच त्या संगणकावर नसेल, तर मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग दिसते. अक्षरसंच फाइलीतच समाविष्ट करण्याची सोय आहे, आणि त्याने वाढणारे वजन चित्रांच्या मानाने नगण्य असते. तेथे काटकसर करू नये.

जे हलके करू नये

आता टाकून दिलेल्या लाटांकडे परत येऊ. आमच्या संग्रहात एका बुडालेल्या गावच्या शाळेचे सामूहिक छायाचित्र होते. दोन रांगांत चाळीस माणसे. ते ३६०० कण रुंद असे स्कॅन केलेले होते, म्हणजे एका रांगेतील प्रत्येक माणसाच्या वाट्यास १८० कण आणि त्याच्या चेहऱ्यास अदमासे ६०. दर इंचास ९६ या पर्यायाने रुंदी १२८० वर आली, तेव्हा चेहऱ्यास २१ कण उरले. त्यात डोळे म्हणजे दोन सावल्या. गाव ओळखू येते, शाळा ओळखू येते, माणूस येत नाही. आणि मागच्या बाकांवर बसलेली मंडळी शाळा पाहण्यास आलेली नव्हती.

अशा वेळी प्रोजेक्टरची मर्यादा लक्षात घेऊन एकाचे पाच करावे. पहिल्या स्लाइडवर संपूर्ण छायाचित्र हलक्या प्रतीत दाखवावे. नंतर मूळ, न दाबलेल्या प्रतीतून आठ-आठ, दहा-दहा माणसांचे तुकडे कापून प्रत्येकाची स्वतंत्र स्लाइड करावी. असा तुकडा मुळात ९०० कण रुंद; जुन्या प्रोजेक्टरवरही तो जवळजवळ पूर्ण तपशिलाने उमटतो, आणि त्याचे वजन शे-दोनशे किलोबाइटांहून अधिक होत नाही. पाच स्लाइडी मिळून एका मूळ छायाचित्रापेक्षा हलक्या भरतात. दुसऱ्या खेपेस आम्ही हे केले. तिसऱ्या तुकड्यावर एका बाईंनी हात वर करून पुढे सरकू नका म्हणून सांगितले, आणि ती स्लाइड सुमारे दहा मिनिटे पडद्यावर तशीच राहिली.

मूळ प्रतींसाठी ग्रंथालयांनी एक नियम पाळावा. स्कॅनरमधून निघालेली फाइल पीएनजी किंवा टिफ या न गमावणाऱ्या पद्धतीने ठेवावी, तिच्या नावात गाव, वर्ष व छायाचित्र देणाऱ्या घराची खूण घालावी, आणि ती कधीही कोणत्याही सादरीकरणाच्या आज्ञावलीतून उघडून त्याच नावाने परत जतन करू नये. जेपेग फाइल प्रत्येक वेळी दुरुस्त करून जतन केली की तिची गाठ नव्याने बांधली जाते आणि थोड्या लाटा आणखी गळतात. पाच-सात वेळा असे झाल्यावर चेहऱ्यांभोवती चौकोनी डाग दिसू लागतात. दोन निरनिराळ्या तबकड्यांवर, शक्य तर दोन निरनिराळ्या इमारतींत, मूळ प्रत असावी. कागदावरील छायाचित्र स्कॅन झाल्यावर त्याच्या घरी परत पोहोचवावे. देताना पाठीमागे शाईने काही लिहू नये. शाई कागदातून पुढे उतरते. पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहिलेले चालते.